गोळी लागू पडली होती, मग पुन्हा खोकला का?

चुलीचा धूर आणि फुफ्फुसाचे आजार यावर आपण बोललो होतो. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले आणि त्यांत एक प्रश्न तीन-चार गावांतून आला. घरातल्या बाईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायची केमो न देता रोज एक गोळी सुरू केली. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबला, दम लागायचा कमी झाला, बाई पुन्हा भाकरी थापायला लागली. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. वर्ष गेले आणि मग खोकला परतला. स्कॅन काढला तर गाठ वाढलेली. गोळी तीच, वेळ तीच, एक दिवस चुकवलेला नाही. मग असे का झाले?

या प्रश्नाची उत्तरे घरोघरी तयारच असतात. तिने पथ्य पाळले नाही. लग्नात जाऊन तेलकट खाल्ले. मेडिकलवाल्याने डुप्लिकेट गोळी दिली. शरीराला औषधाची सवय झाली. ही उत्तरे बहुतेक वेळा खरी नसतात. आणि उत्तर चुकले की पुढचे पाऊलही चुकते. कोणी गोळी बंद करून झाडपाल्याच्या मागे लागते, कोणी आता काही उरले नाही म्हणून दवाखानाच सोडते, आणि आजारी बाई आपल्यामुळेच झाले म्हणून मनात कुढत बसते. आम्ही गटाचे काम करणाऱ्या बाया, डॉक्टर नाही. पण हा विषय कॅन्सरच्या डॉक्टरांकडून बसून समजून घेतला, आणि जसा समजला तसा सांगतो आहोत.

आधी ही गोळी कोणती, ते पाहू. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे, याचे हुकूम तिच्या आतबाहेर फिरत असतात. शेतातली पाण्याची मोटर डोळ्यांसमोर आणा. मोटरला स्टार्टर असतो. बटन दाबले की चालू, बंद केले की बंद. फुफ्फुसाच्या पेशीवरही असा एक स्टार्टर आहे. डॉक्टर त्याला ईजीएफआर म्हणतात. काही लोकांच्या फुफ्फुसातल्या एखाद्या पेशीत या स्टार्टरची घडण बिघडते आणि तो चालूच्या जागी अडकून बसतो. मोटर रात्रंदिवस चालते. पेशी वाढत राहते, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि त्याची गाठ होते.

हा बिघाड बहुतेक वेळा आईबापांकडून आलेला नसतो, जगता जगता एखाद्या पेशीत घडलेला असतो. त्यामुळे आईला झाला म्हणून मुलीला होणारच, असे समजू नका. फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटले की विडी-सिगारेट आठवते, आणि तंबाखूचा धूर हे त्याचे सगळ्यात मोठे कारण आहेच. पण आपल्याकडच्या स्त्री-रुग्णांत आयुष्यात विडी न ओढलेल्या पुष्कळ जणी असतात, आणि अडकलेला स्टार्टर नेमका अशांच्यात जास्त सापडतो. भारतात फुफ्फुसाच्या कॅन्सरचा जो सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, त्याच्या साधारण चार रुग्णांमागे एकात तरी तो असतो. "हिने कधी तपकीरसुद्धा ओढली नाही, हिला कसा झाला," असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

रोजची गोळी जाऊन या अडकलेल्या स्टार्टरमध्येच बसते आणि त्याचा प्रवाह तोडते. म्हणून तिला टार्गेटेड, म्हणजे नेम धरून मारणारे औषध म्हणतात. जेफिटिनिब, एर्लोटिनिब ही पहिली नावे. अलीकडची ऑसिमेर्टिनिब. जेफिटिनिबला जपानमध्ये २००२ साली परवानगी मिळाली. गंमत अशी की तेव्हा ती कोणाला लागू पडेल, हे ठाऊकच नव्हते. काही रुग्ण खाटेवरून उठून चालू लागत, बाकीच्यांना काडीचा फरक पडत नसे. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कोडे सोडवले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा हा बिघाड आहे, त्यांनाच गोळी लागू पडते. पुढे २००९ साली आशियातल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिघाड असलेल्यांना गोळी केमोपेक्षा सरस ठरली, आणि बिघाड नसलेल्यांना केमोच बरी. म्हणूनच आता आधी गाठीचा तुकडा काढून तपासतात आणि मग औषध ठरवतात. त्या तुकडा काढण्याला बायोप्सी म्हणतात. पुढे हा शब्द पुन्हा येणार आहे.

आता मूळ प्रश्न. स्टार्टर बंद पाडला, गाठ बसली, मग ती परत कशी उठली?

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्या मैत्रिणींना हे आमच्यापेक्षा चांगले कळेल. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्ले की ती मरायची. फवारणीचा खर्च वाचला, चार वर्षे बरी गेली. २००६ साली त्याहून जोरकस, दुहेरी बीटीचे बियाणे आले. आणि २०१७ च्या हंगामात काय झाले, ते यवतमाळकडच्या बायांना विचारा. बोंड फोडले की आत गुलाबी अळी. बियाणे तेच होते, पण अळी आता त्याला मरेना. एकेका अळीने विष पचवायची तालीम केली, असे नव्हे. लाखो अळ्यांत पहिल्यापासूनच दोन-चार अशा होत्या, ज्यांना त्या विषाने काही होत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या. यांचीच पिल्ले वाढली. काही हंगामांत शेत त्यांचेच झाले.

गाठीत हेच होते. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या गाठीतसुद्धा कोट्यवधी पेशी असतात. कॅन्सरची पेशी घाईघाईत दुभंगते आणि प्रत्येक वेळी आपली नक्कल करताना चुका करते. अशा चुका होता होता एखाद-दुसरी पेशी वेगळी निपजते. कधी औषध सुरू होण्याच्या आधीच ती तिथे असते, कधी औषध चालू असताना तयार होते. गोळीने हजारो साध्या पेशी मारल्या की स्कॅनवर गाठ लहान दिसते, घरात आनंद होतो, आणि तो खोटा नसतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत ती वेगळी पेशी निवांत वाढू लागते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काही पेशी औषध आले की वाढायचे थांबवून झोपून राहतात. वर नांगर फिरवला तरी लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जशा राहतात, तशा. त्यांतूनही पुढे औषधाला न जुमानणारा फुटवा येतो.

म्हणजे सवय शरीराला झालेली नसते, बाईलाही झालेली नसते. बदललेली असते ती गाठ. औषध बनावट नव्हते, ते ज्या पेशींवर चालत होते त्या पेशी आता थोड्या उरल्या आहेत. रिपोर्टवर याला रेझिस्टन्स लिहिलेले असते. नियमाने गोळी घेणाऱ्यांनाही तो येतो, आजार पसरलेल्या बहुतेक रुग्णांना उशिरा-लवकर येतोच. जेफिटिनिबसारख्या पहिल्या गोळ्यांवर साधारण आठ ते बारा महिन्यांत. हा आकडा मधला असतो हे ध्यानात ठेवा. निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर. काही जणी तीन-तीन वर्षे त्याच गोळीवर काढतात.

अळीचा दाखला एका ठिकाणी मात्र सोडून द्यायला हवा. अळीचा पतंग एका शेतातून दुसऱ्या शेतात उडतो. कॅन्सरचा रेझिस्टन्स एकीकडून दुसरीकडे जात नाही. आजारी बाईची थाळी-वाटी वेगळी करायची, नातवाला जवळ येऊ द्यायचे नाही, हे प्रकार आम्ही पाहिले आहेत. त्याला काही आधार नाही, आणि त्या बाईला आजारापेक्षा ते जास्त लागते.

आता पेशी नेमकी काय युक्ती करते, ते पाहू, कारण पुढचा उपचार त्यावरच ठरतो. परत मोटरकडे या. स्टार्टर कोणी बंद पाडून ठेवला, तर पाणी चालू ठेवायचे मार्ग किती?

एक, स्टार्टरच बदलायचा. ईजीएफआर हे एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि या माळेत बाराशेवर मणी असतात. त्यातला ७९० क्रमांकाचा मणी बदलतो. त्या जागी मोठा, फुगीर मणी येतो. गोळी जिथे जाऊन बसत होती, ती खाच आता तिला नीट धरत नाही आणि पेशीचे आपले इंधन मात्र तिथे अधिक घट्ट बसते. एक मणी, आणि सगळा उपचार निकामी! हा बदल २००५ साली ओळखला गेला. रिपोर्टवर तो टी-७९०-एम असा लिहितात. जेफिटिनिब, एर्लोटिनिब थकतात तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत हेच सापडते. या युक्तीला तोड निघाली आहे. ऑसिमेर्टिनिब ही गोळी फुगीर मण्याला वळसा घालून शेजारच्या ७९७ क्रमांकाच्या मण्याला हुकासारखी अडकते आणि सुटत नाही. २०१५ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली ती याच रुग्णांसाठी. आणि त्याच वर्षी संशोधकांनी कळवले की काही रुग्णांत आता ७९७ वा मणीसुद्धा बदलला. हुक अडकवायला जागाच नाही. एकीकडे माणूस, एकीकडे पेशी, असा हा सामना आहे.

दुसरा मार्ग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आपला स्टार्टर बंद, तर शेजारच्या तारेवर आकडा टाकायचा. पेशीवर ईजीएफआरखेरीज दुसरेही स्टार्टर असतात. मेट नावाचा एक आहे. पेशी त्याच्या नकला वाढवते, एकाच्या दहा-वीस करते, आणि त्याच्याकडून वीज घेऊन मोटर चालवते. मूळ स्टार्टर औषधाने बंदच असतो, गोळी आपले काम चोख करत असते, पण पाणी चालूच. अशा वेळी नुसती गोळी बदलून भागत नाही, आकडाही काढावा लागतो. म्हणजे जुन्या औषधाच्या जोडीला मेटला रोखणारे दुसरे औषध. अशा जोड-उपचारांवर जगभर काम चालू आहे आणि काही ठिकाणी रुग्णांना ते मिळूही लागले आहेत.

तिसरा मार्ग म्हणजे विजेचा नादच सोडायचा आणि डिझेल इंजिन आणायचे. काही थोड्या रुग्णांत, शंभरात तीन ते दहा जणांत, गाठीचा वाणच बदलतो. एका जातीचा कॅन्सर दुसऱ्या जातीचा होतो, लहान पेशींचा, झपाट्याने वाढणारा. त्याला ईजीएफआरची गरज उरत नाही. तिथे गोळ्या चालत नाहीत, त्या जातीची वेगळी केमो लागते. हे ओळखायला उशीर झाला तर महिने हातचे जातात.

आणि काही रुग्णांत तपासूनही कारण सापडत नाही, हेही सांगायला हवे. तेव्हा डॉक्टर बहुधा केमोकडे वळतात.

तर मैत्रिणींनो, बाहेरून सगळ्यांचे एकच दिसते. खोकला परतला, गाठ वाढली. आतले कारण मात्र निरनिराळे, आणि कारण निराळे म्हणून औषध निराळे. म्हणूनच गोळी थकली की पहिला प्रश्न "आता कोणती गोळी?" हा नसावा. "आता गाठीत काय बदलले, ते पुन्हा तपासायचे का?" हा असावा. पहिल्या वेळचा रिपोर्ट पहिल्या गाठीचा होता. मधल्या काळात गाठ बदलली आहे.

तपासायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, हाताच्या शिरेतून रक्त घेऊन. मरणाऱ्या कॅन्सर पेशींच्या जनुकांचे बारीक तुकडे रक्तात वाहत येतात, ते शोधतात. त्रास कमी, सुई तेवढी टोचते. पण या तपासणीत काही सापडले नाही म्हणजे काही नाहीच, असे होत नाही. गाठीने तुकडे रक्तात सोडलेच नसतील, तर मिळणार कुठून? मग दुसरी तऱ्हा, वाढलेल्या गाठीची पुन्हा बायोप्सी. वाण बदलला आहे का, ते कळायला तर तुकडाच पाहावा लागतो. "गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगाव आहे. या भीतीपायी तपासणी टाळण्यात जे नुकसान आहे, त्याच्यापुढे सुईचा धोका फार लहान आहे. गाठ अवघड जागी असेल, तब्येत झेपत नसेल, तर डॉक्टर स्वतःच सांगतात.

आमच्या एका गटात यावरून चांगलीच बैठक रंगली. एका सदस्याच्या सासूबाई जेफिटिनिबवर होत्या. चौदा महिन्यांनी गाठ वाढली. तपासणीसाठी तिने कर्ज मागितले. एक ताई म्हणाल्या, "मागच्या वर्षी तपासलं ना, आता परत त्याच रोगाला पैसे कशाला घालायचे?" ताईंचे बोलणे कठोर वाटेल, पण पैसा सगळ्यांचा असतो आणि प्रश्न रास्त होता. त्यावर मोटरचा, आकड्याचा हा दाखला तेव्हाच पहिल्यांदा बोलण्यात आला. कर्ज मंजूर झाले, वहीत आजारपण या सदरात चढले. रक्ताची तपासणी कोरी आली. घरचे म्हणाले, झाले, संपले. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली. त्या तुकड्यात टी-७९०-एम निघाला आणि गोळी बदलता आली. औषधाच्या खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेविकेने अर्ज भरून दिले. सासूबाई आज पापडाच्या लाट्या मोजून देतात. पुढे कधीतरी हीही गोळी थकेल, हे त्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी त्यांना स्वतःला सांगितले, मुलाला बाजूला घेऊन नव्हे. हे आम्हाला फार आवडले.

मग पेशीला पळवाट शोधू द्यायचीच कशाला, पहिल्यापासून दोन्हीकडून का मारू नये, असे तुमच्या मनात आले असेल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मनातही ते आले. त्यांनी ३५० रुग्ण घेतले. निम्म्यांना फक्त जेफिटिनिब, निम्म्यांना जेफिटिनिब आणि सोबत केमो. नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आवरून राहिला, दोन्ही मिळून १६ महिने. जोड-उपचार घेणारे एकूण जगलेही जास्त. पण त्याची किंमत होती. तीव्र त्रास नुसत्या गोळीवाल्यांत शंभरातल्या पंचवीसांना झाला, जोड-उपचारात एक्कावन्न जणांना. हा अभ्यास २०१९ मध्ये जगापुढे आला, आणि त्यात आपल्याकडचे रुग्ण आणि आपल्याकडे परवडणारे औषध होते, म्हणून तो आम्हाला विशेष वाटतो. दुसरीकडे, ऑसिमेर्टिनिब पहिल्यापासूनच दिली तर आजार जवळपास १९ महिने आवरतो, जुन्या गोळ्यांवर १० महिने, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. पुढे तिलाही केमोची जोड दिली, तर २५ महिन्यांपर्यंत मजल गेली. कोणाला काय झेपेल, हे वय, ताकद, घरापासून दवाखान्याचे अंतर, पैसा, सगळे पाहून ठरते. सत्तरीच्या आजीला दर तीन आठवड्यांनी एसटीने शहरात नेऊन केमो देणे प्रत्येक घराला जमत नाही, आणि नुसती गोळी निवडली म्हणून कोणी आजीवर माया कमी करते, असेही नाही.

ऑसिमेर्टिनिब महाग आहे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यावरचा आयात कर काढला, तरी ती साध्या घराच्या आवाक्याबाहेरच जाते. जेफिटिनिब देशी कंपन्या बनवतात, ती पुष्कळ स्वस्त. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, शेतीचा सौदा नंतर. आणखी एक गोष्ट. "इम्युनोथेरपीचे इंजेक्शन द्या, गुण येतो" असे कोणी नातेवाईक हमखास सांगतो. इतर काही कॅन्सरमध्ये ते खरे आहे. पण ज्या गाठीत ईजीएफआरचा बिघाड आहे, तिथे एकट्या इम्युनोथेरपीचा फारसा फायदा दिसलेला नाही. लाखाच्या इंजेक्शनासाठी जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा.

आता घरात सांभाळायच्या गोष्टी. गाठ वाढल्याचे कळले की रागाने गोळी फेकून देऊ नका. गाठीत अजून गोळीला दबणाऱ्या पेशीही असतात. गोळी एकदम बंद केली की काही रुग्णांत त्या उसळून येतात आणि आजार आठवड्या-दोन आठवड्यांत झपाट्याने वाढतो. नवे औषध ठरेपर्यंत काय करायचे, ते डॉक्टरांना विचारून करा. कधी एकाच जागी गाठ वाढलेली असते, बाकी सगळे शांत असते. तेव्हा तेवढ्या जागी शेक, म्हणजे रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालवतात.

दरवेळी दोष रेझिस्टन्सचाच असतो असेही नाही. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटात नीट विरघळायला पोटातले आम्ल लागते. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या बाया आपल्याकडे थोड्या नाहीत. त्या गोळीने आम्ल कमी होते आणि कॅन्सरचे औषध रक्तात कमी उतरते. टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन तर याहून वाईट. ते शरीराकडून या गोळ्यांचा झपाट्याने निचरा करवते. फुफ्फुसाचा कॅन्सर आपल्याकडे अनेकदा आधी टीबी समजला जातो, कधी दोन्ही एकत्रही असतात. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असतील किंवा नव्याने लागल्या, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायलाच हवे. त्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. काढे, भस्मे, गावठी चूर्ण घेत असाल तर तेही सांगा, पुडी दाखवा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका.

अंगावर पुटकुळ्या, जुलाब, नखांच्या कडा सुजणे हे या गोळ्यांचे नेहमीचे त्रास. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या की बाया लाजेने घराबाहेर पडत नाहीत आणि गुपचूप एक दिवसाआड गोळी घेतात. तसे करू नका, त्यावर मलम आहे, डॉक्टर मात्राही कमी करून देऊ शकतात. पण चालू गोळीवर अचानक धाप वाढली, कोरडा खोकला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्वचित औषधानेच फुफ्फुसाला सूज येते.

मेंदूकडेही लक्ष असू द्या. जुन्या गोळ्या मेंदूत कमी पोचतात, त्यामुळे छाती साफ दिसत असताना आजार तिथे डोके वर काढतो. ऑसिमेर्टिनिब त्यामानाने तिथे चांगली पोचते. सकाळी उठल्यावर डोके ठणकणे, उलटी, एकाचे दोन दिसणे, हातातले भांडे निसटणे, फिट येणे, यांतले काही दिसले तर बाहेरची बाधा समजून अंगारा लावत बसू नये. पाठीचा कणा एकाच ठिकाणी सतत दुखत असेल किंवा पायातली ताकद जात असेल, तरीही तसेच.

स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी सांगतात. बरे वाटते आहे म्हणून पेरणीच्या दिवसांत तो पुढे ढकलला जातो. पण स्कॅनला बदल दिसतो तो अंगाला जाणवायच्या आधी, आणि अंगात ताकद असताना पुढचा उपचार जास्त झेपतो.

शेवटी कागदांचे. गटात कोणाच्या घरी हा आजार असेल, तर एक फाईल करून द्या. पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, ईजीएफआरचा रिपोर्ट, कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी बदलली, स्कॅनच्या सीडी, आणि घरात चालू असलेल्या बाकी सगळ्या औषधांची चिठ्ठी. बायोप्सीचा मेणातला ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात, तो ज्या लॅबमध्ये आहे तिची पावती जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तो मागतात. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक संच घरात, एक पिशवीत. आणि दवाखान्यात जाताना आजारी बाईसोबत तिच्या वतीने बोलणाऱ्या मुलाबरोबरच गटातली एक जण जावी, असे आम्ही आमच्या गटात ठरवले आहे. गाडीभाडे गटातून.